शस्त्रकपातीचा हिशेब आणि मर्झ टेट

पीएच.डी.चे प्रबंध वाचतं कोण? मार्गदर्शक, दोन-तीन परीक्षक, आणि मग ग्रंथालयातली धूळ. एखाद्या प्रबंधाला बक्षीस मिळालं की मात्र प्रकाशक विचारणा करतात, नोकरीच्या मुलाखतीत त्याचा विषय निघतो. त्यामुळे ही बक्षिसं दिसतात तेवढी किरकोळ नसतात.

अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन ही राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची १९०३ साली स्थापन झालेली संघटना. आंतरराष्ट्रीय संबंध, कायदा आणि राजकारण या क्षेत्रातल्या सर्वोत्तम प्रबंधाला ती पुरस्कार देते. पूर्वी त्याला हेलन ड्वाइट रीड यांचं नाव होतं, आता तो मर्झ टेट यांच्या नावानं दिला जातो. आज बोलायचंय ते या टेटबाईंबद्दल. त्यांचा विषय आम्हा फौजी लोकांच्या पोटावर येणारा होता: शस्त्रकपात!

टेट यांचा जन्म १९०५ सालचा, मिशिगनमधल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातला. १९२७ मध्ये पदवी मिळाली, पण मिशिगनच्या हायस्कुलांत कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत. मग त्या इंडियानापोलिसला, कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्यानंच निघालेल्या शाळेत शिकवायला गेल्या. पुढे कोलंबियाची एम.ए., आणि १९३५ मध्ये ऑक्सफर्डची बी.लिट. ऑक्सफर्डची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला. १९४१ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या रॅडक्लिफ कॉलेजातून पीएच.डी.

त्या ऑक्सफर्डला होत्या तेव्हा जिनिव्हात जागतिक शस्त्रकपात परिषद चालू होती. फेब्रुवारी १९३२ मध्ये ती भरली आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये हिटलरचा जर्मनी तिथून उठून गेला. हे सगळं ताजं असताना टेट यांनी अभ्यासाला घेतला त्याआधीचा काळ, १९०७ पर्यंतचा. 'द डिसआर्ममेंट इल्युजन' हे त्यांचं पुस्तक १९४२ मध्ये आलं.

त्या काळातला मोठा प्रसंग म्हणजे हेगची पहिली परिषद. ऑगस्ट १८९८ मध्ये रशियाच्या झारनं जगाला शस्त्रं आवरण्याचं आवाहन केलं. शांततेची भाषा सुंदर होती. पण ऑस्ट्रिया-हंगेरी जलद मारा करणाऱ्या नव्या तोफा घेण्याच्या बेतात होता, आणि त्या शर्यतीत उतरायला रशियाच्या खजिन्यात पैसा नव्हता. १८९९ मध्ये हेगला सगळे जमले. शस्त्रांवर मर्यादा घालण्याबाबत हाती लागला तो नुसता सदिच्छेचा ठराव. लवादाचं कायम न्यायालय मात्र मिळालं, आणि शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीवर बंदीही. ही गोळी म्हणजे 'दमदम', आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून नाव पडलेली. ब्रिटननं बंदीला विरोध केला आणि १९०७ मध्ये ती मान्य केली.

टेट यांचा निष्कर्ष असा, की शस्त्रकपात हा गणिताचा प्रश्न नाही, निव्वळ नीतीचाही नाही, तो राजकारणाचा आहे. देशादेशांतली भांडणं तशीच ठेवून तोफांची संख्या ठरवायला बसलात, तर तेच भांडण आकड्यांत सुरू होतं. मला हे पूर्ण पटतं. समोरच्याचे रणगाडे मोजताना दुरुस्तीला गेलेले धरायचे की सोडायचे, एवढ्यावरच चहाचे तीन कप संपतात!

आता खरी गोम. आपल्याकडचे आंतरराष्ट्रीय संबंधांचे विद्यार्थी हा विचार शिकतात तो हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्याकडून. माणसं शस्त्रं आहेत म्हणून लढत नाहीत, लढावं लागेल असं वाटतं म्हणून शस्त्रं बाळगतात, असं ते सांगतात. त्यांचं 'पॉलिटिक्स अमंग नेशन्स' आलं १९४८ मध्ये, म्हणजे टेट यांच्यानंतर सहा वर्षांनी. मॉर्गेन्थाऊ मोठे होतेच, त्यांच्याकडचं काही काढून घ्यायचं नाही. पण त्यांचं नाव अभ्यासक्रमात असतं आणि टेट यांचं नसतं, याला पुस्तकाचा दर्जा हे कारण मला पटत नाही.

या बाई आपल्याकडे येऊनही गेल्या. १९५०-५१ मध्ये फुलब्राइट व्याख्यात्या म्हणून शांतिनिकेतनला, विश्वभारतीत. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्या १९४२ पासून १९७७ पर्यंत शिकवत होत्या. १९९६ मध्ये गेल्या.

आता दर वर्षी एका तरुण संशोधकाच्या माहितीपत्रात 'मर्झ टेट पुरस्कार' अशी ओळ येते. त्यांतले काही तरी शोधतील, ही बाई कोण.

पुढच्या भागात १९०७ च्या हेग परिषदेकडे वळू.