वाहनांच्या स्प्रिंगांचे गंजणे व तुटणे

मोटारगाडीचा सांगाडा चाकांवर तोलून धरणाऱ्या व रस्त्यावरील धक्के शोषून घेणाऱ्या पोलादी स्प्रिंगा जुन्या वाहनांत, विशेषतः मालवाहू व प्रवासी व्हॅनमध्ये, पुष्कळदा एकाएकी तुटतात. याचे कारण नेहमीच जादा भार हे नसते. पृष्ठभागावरील गंजाचा बारीकसा खड्डाही तडा सुरू होण्यास पुरेसा असतो. गंजणे व तुटणे यांचा हा संबंध टप्प्याटप्प्याने उलगडत गेला.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. फ्रेंच समन्वेषक द्यूमाँ द्यूर्व्हील त्यात मृत्यू पावले. पुढील वर्षी स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी आसांतील तडे हळूहळू वाढत जातात, असे दाखविले. प्रशियातील रेल्वे अभियंते आउगुस्ट व्होलर यांनी १८७० पर्यंत केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले, की एका वेळी सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा दिल्यास धातू मोडतो. तथापि विशिष्ट मर्यादेखालील भार पोलाद दीर्घकाळ सहन करते. या आविष्काराला शिणवटा म्हणतात. १९१७ मध्ये हेग यांनी पितळावर व १९२६ मध्ये मॅकॅडम यांनी इतर धातूंवर केलेल्या प्रयोगांवरून क्षारयुक्त पाण्यात ही सुरक्षित मर्यादा टिकत नाही, हे स्पष्ट झाले. खड्ड्याच्या तळाशी प्रतिबल एकवटते, तेथे तडा पडतो आणि त्यात शिरलेले पाणी उघड्या पडलेल्या धातूस खात जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व यूरोप येथे बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची प्रथा वाढली व हा प्रश्न तीव्र झाला. पाटा स्प्रिंगेच्या पाट्यांमधील फटींत चिखल व पाणी साचते. म्हणून पूर्वी पाट्यांमध्ये ग्रीज भरून वर चामड्याचे आवरण घालीत.

जर्मनीत मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर व्हॅनमध्ये वेगळी योजना होती. फेर्डिनांट पोर्श यांच्या पद्धतीनुसार, पीळ बसून पुन्हा पूर्ववत होणाऱ्या पोलादी दांड्यांचा तीत स्प्रिंगेसारखा उपयोग केला होता. पुढील बाजूस पातळ पट्ट्यांचे जुडगे आडव्या नळ्यांत बसविलेले असे. नळ्यांत वेळोवेळी ग्रीज भरल्यास पाणी आत शिरत नाही. ते न भरल्यास गंज आतून, दृष्टीआड वाढतो. मागील गोल दांड्यांच्या रंगावरील ओरखडाही धोक्याचा असल्याने बसविण्यापूर्वी तो रंगवून बुजवावा लागे. डावा व उजवा दांडा परस्परांच्या जागी बसविता येत नसे, कारण त्यांना आधीच विरुद्ध दिशांनी पीळ दिलेला असे. १९७९ च्या नव्या नमुन्यात मळसूत्री स्प्रिंगा आल्या; मात्र ब्राझीलमध्ये जुन्या धाटणीच्या व्हॅनचे उत्पादन २०१३ पर्यंत चालू होते.

तुटणे रोखण्याचा एक प्रभावी उपाय म्हणजे पृष्ठभागावर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करणे. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो व तडा सहजी उघडत नाही. माऱ्याची तीव्रता मोजण्याची पद्धत जनरल मोटर्समधील आल्मेन यांनी रूढ केली. माऱ्यानंतर फॉस्फेटाचा थर व रंग देतात. गंज काढण्यासाठी अम्ल वापरणे मात्र घातक ठरू शकते. अम्लाच्या क्रियेने पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते, हे जॉन्सन यांनी १८७५ मध्येच दाखविले होते. तुटलेली स्प्रिंग वितळजोडाने सांधणेही अयोग्य होय, कारण उष्णतेने तिला दिलेले पाणी उतरते.

यावरून देखभालीचे नियम सिद्ध होतात. खाऱ्या रस्त्यावरून किंवा कोकणासारख्या सागरी प्रदेशातून वाहन चालविल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. स्प्रिंगेच्या बैठकीतील चिखल काढावा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने घासून लगेच अस्तर व रंग द्यावा. ओल्या गंजावर डांबरी लेप दिल्यास ओल आत कोंडली जाते. खड्डे पडलेली स्प्रिंग रंगविल्याने पूर्ववत होत नाही. ती बदलावी व शक्यतो दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदम बदलाव्यात.