न्यूरोपेज

मेंदूला इजा झाल्यावर स्मरण दुबळे झालेल्या व्यक्तीला ठरल्या वेळी ठरलेल्या कामाची आठवण करून देणारी पेजर-सेवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अभियंता लॅरी ट्रेडगोल्ड आणि मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांनी ती तयार केली. ट्रेडगोल्ड यांच्या मुलाच्या डोक्याला इजा झाली होती. या सेवेची माहिती देणारा दोघांचा लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अपघात, पक्षाघात किंवा मेंदूज्वर यांनंतर शाळेतल्या मित्रांची नावे बिनचूक सांगणारा माणूसही दुपारची गोळी विसरतो. पुढे करायच्या कामाची आठवण वेळेवर होणे, हे ‘भावी स्मृती’चे काम. त्यासाठी काय करायचे ते लक्षात राहावे लागतेच, शिवाय नेमक्या क्षणी हातातले काम सोडून त्याकडे वळावेही लागते. वहीत टिपून ठेवण्याचा उपाय इथेच अडतो, कारण वही उघडायची, हेही आठवावे लागते.

पेजर आपण होऊन हाक मारतो. रुग्ण आणि घरचे मिळून कामांची व वेळांची यादी करतात, ती संगणकात भरली जाते. वेळ झाली की कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला पेजर वाजतो किंवा थरथरतो आणि पडद्यावर मजकूर उमटतो : गोळ्या घ्या, डबा भरा, आज सोमवार. हाताळायला एकच मोठे बटण असते.

सेवेची खरी पारख इंग्लंडमध्ये झाली. बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये १५ जणांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. पेजर येण्यापूर्वी ठरवलेल्या कामांपैकी सुमारे ३७ टक्के पार पडत होती, पेजर आल्यावर हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ८ ते ८३ वर्षे वयाचे १४३ जण होते. ती पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना स्पष्ट लाभ झाला. पुढे ईली येथील ऑलिव्हर झँगविल केंद्रातून ही सेवा ब्रिटनभर चालवली गेली.

पेजरशिवायही अशी आठवण करून घेता येते. विल्सन यांच्याच दुसऱ्या अभ्यासातील, जे.सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कायद्याचा विद्यार्थी मेंदूतील रक्तस्रावानंतर नव्या आठवणी साठवू शकत नव्हता. त्याने वाजणारे घड्याळ, खिशातला ध्वनिमुद्रक आणि वही यांची साखळी स्वतःच बसवली. दिवसभर तो घडामोडी ध्वनिमुद्रकात बोलून ठेवी आणि त्या ऐकून नंतर वहीत उतरवी.

आठवण देताना काम सांगितलेच पाहिजे असे नाही. जेसिका फिश आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात मोबाइलवर फक्त ‘थांबा’ असा संदेश येई. हातातले काम क्षणभर थांबवून आपण काय ठरवले होते याचा विचार करायचा, हे आधी शिकवलेले असे. असे संदेश येत त्या दिवशी रुग्ण ठरलेले फोन अधिक नेमाने करत.

पेजर काढून घेतल्यावर काय होते, याचे उत्तर इजेच्या कारणावर अवलंबून असते. मोठ्या चाचणीतील आकडे पुन्हा तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, डोक्याला मार बसलेल्यांचा लाभ पेजर गेल्यावरही बराचसा टिकलेला आढळला. पक्षाघात वा मेंदूतील रक्तस्राव झालेल्यांची कामे मात्र पूर्वीइतकीच राहून जाऊ लागली. त्यामुळे साधन किती काळ ठेवायचे, हे रुग्णागणिक ठरवावे लागते. आता पेजरची जागा मोबाइलमधील गजर आणि दिनदर्शिका घेत आहेत. मजकूर आणि वेळा आधी कोणीतरी भरून देणे मात्र अनेक रुग्णांना अजूनही लागते.