झाडावांचून मूळ

झाडाचें पान खुडलें तर त्या जागीं दुसरें पान फुटतें. फळ उतरविलें तर पुढल्या हंगामांत पुन्हां फळ धरतें. परंतु मूळ खणून काढलें कीं झाडाचा संसारच आटोपतो. आणि वैद्यकाला तर अनेकदां मूळच हवें असतें. आयुर्वेदांतील दशमुळांत बेल, शिवण, पाडळ यांसारखे वृक्ष आहेत आणि रिंगणी, गोखरू यांसारख्या जमिनीलगतच्या वनस्पतीही आहेत. अश्वगंधा, शतावरी, सर्पगंधा यांचें मोल मुख्यतः जमिनीच्या पोटांत. गांवचा वैद्य गांवापुरतें औषध खणीत होता, तोंपर्यंत रान ही तूट आपोआप भरून काढी. कारखान्यांची मागणी आली, तेव्हां मात्र हा जुना हिशेब बिघडला.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. सन १९३१ मध्यें दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं या मुळांतून अजमलिन व इतर शुद्ध द्रव्यें वेगळीं केल्याचें प्रसिद्ध झालें. सन १९४९ मध्यें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. आणि तीनच वर्षांनीं, १९५२ सालीं, स्वित्झर्लंडमधील बाझल येथें याच मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य हातीं आलें. सांवलींत उगवणाऱ्या या लहानशा झुडपाला एकाएकीं सातासमुद्रांपलीकडून मागणी आली. रानें खणलीं जाऊं लागलीं, आणि पुढें या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. झाड न मारतां मूळ मिळूं शकेल काय? किंबहुना, झाडावांचून नुसतें मूळ वाढूं शकेल काय?

नवल असें कीं, या प्रश्नाचें पहिलें उत्तर औषधांची विवंचना नसलेल्या शास्त्रज्ञांनीं आधींच शोधून ठेविलें होतें. सन १९०२ मध्यें ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनीं पानांतील सुट्या पेशी साखर व क्षार यांच्या द्रावणांत ठेवून पाहिल्या. सजीवाचा देह पेशींचा बनलेला आहे हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांनीं १८३८-३९ मध्येंच मांडला होता. तो खरा असेल, तर एकटी पेशीही योग्य अन्नावर जगली पाहिजे, असा हाबरलांट यांचा तर्क होता. त्यांच्या पेशी कांहीं आठवडे जगल्या, आकारानें वाढल्याही. परंतु एकीच्या दोन झाल्या नाहींत. प्रयोग फसला, विचार मात्र टिकला.

वीस वर्षांनीं, १९२२ सालीं, जर्मनींत वाल्टर कोटे यांनीं आणि अमेरिकेंत विल्यम रॉबिन्स यांनीं, एकमेकांच्या कामाशीं संबंध नसतां, वेगळी वाट धरली. त्यांनीं पानांतील प्रौढ पेशी सोडून मुळाचें टोंक घेतलें. ही निवड मार्मिक होती. मुळाच्या टोंकाशीं, जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढ्या जागेंत, सतत विभागणाऱ्या पेशी असतात; मुळाची सारी वाढ तेथूनच होते. हीं टोंकें द्रावणांत कांहीं काळ वाढलीं, आणि मग थकून थांबलीं.

तीं कां थांबलीं, याचा उलगडा फिलिप व्हाइट यांनीं केला. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं टोमॅटोच्या मुळाचीं टोंकें साखर, क्षार आणि यीस्टचा अर्क यांच्या द्रावणांत ठेविलीं. मूळ वाढलें कीं त्याचें टोंक कापावयाचें आणि ताज्या द्रावणांत घालावयाचें, असा क्रम त्यांनीं चालविला. सन १९३४ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं, या वाढीला अंत दिसत नाहीं. ज्या रोपापासून तें मूळ घेतलें होतें तें केव्हांच मातीस मिळालें, परंतु मुळाचा वंश कांचेच्या भांड्यांत अनेक वर्षें चालत राहिला. यीस्टच्या अर्कांतील गुणाचा शोध घेतां त्यांत थायामिन, म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्व, महत्त्वाचें असल्याचें आढळलें. पान मुळाला केवळ साखर पुरवितें असें नव्हे, तर जीवनसत्त्वेंही पुरवितें, हें यावरून कळलें. पानाच्या पंगतींत जें वाढलें जाई, तें आतां माणूस भांड्यांत वाढूं लागला.

परंतु मूळ जगलें म्हणजे औषध मिळालें असें नाहीं. औषधी द्रव्य मुळांत निर्माण होतें, कीं पानांत तयार होऊन मुळांत सांठतें? या शंकेचें निरसन तंबाखूनें केलें. रे डॉसन यांनीं तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचें कलम बांधलें, तेव्हां टोमॅटोच्या पानांत निकोटिन आढळलें. उलट, टोमॅटोच्या मुळावर बांधलेल्या तंबाखूच्या नव्या पानांत तें जवळजवळ नव्हतेंच. सन १९४२ मध्यें त्यांनीं दाखवून दिलें कीं, झाडापासून तोडलेलीं तंबाखूचीं मुळें नुसत्या द्रावणांतही निकोटिन तयार करतात. ज्या पानासाठीं तंबाखूची लागवड होते, त्या पानाचा अंमल मुळाच्या भट्टींत उतरत होता! धोतरा आणि बेलाडोना यांचें विषही मुख्यतः मुळांतच घडतें, हेंही अशाच कलमांनीं सिद्ध झालें.

मधल्या काळांत शास्त्रज्ञांचें लक्ष दुसरीकडे वेधलें. सन १९३९ मध्यें फ्रान्समध्यें गोथेरे व नोबेकूर यांनीं आणि अमेरिकेंत व्हाइट यांनीं वनस्पतीच्या तुकड्यांपासून आकारहीन पेशींचा गोळा अखंड वाढविण्यांत यश मिळविलें. पुढें १९५७ मध्यें स्कूग व मिलर यांनीं दाखविलें कीं, ऑक्सिन व सायटोकायनिन या संप्रेरकांचें प्रमाण बदललें कीं त्याच गोळ्याला मुळें तरी फुटतात किंवा अंकुर तरी. अशा गोळ्यांतून औषध काढणें सोपें जाईल अशी आशा होती, आणि ती अगदींच फोल ठरली नाहीं. जपानमध्यें एका वनस्पतीच्या मुळांतील शिकोनिन नांवाचा तांबडा रंग १९८० नंतरच्या दशकांत भांड्यांत वाढविलेल्या पेशींपासून व्यापारी प्रमाणावर काढण्यांत आला. परंतु पुष्कळ वनस्पतींच्या बाबतींत निराळाच अनुभव आला. पेशी मूळपण विसरल्या कीं औषध करणेंही विसरत. जें मुळाचें काम, तें मुळानेंच करावें, असें जणूं निसर्गानें बजाविलें.

आणि मूळ जलद वाढविण्याची युक्तीही निसर्गापाशींच होती. मातींतील एका जिवाणूमुळें झाडांच्या जखमांतून केसांसारखीं मुळें भरमसाट फुटतात; बागाइतदार याला रोग समजत, आणि १९३० सालीं या जिवाणूचें शास्त्रीय वर्णन झालें. सन १९८२ मध्यें मेरी-डेल चिल्टन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, हा जिवाणू आपल्या जनुकांचा एक तुकडाच झाडाच्या पेशींत घालतो. अशीं ‘केसाळ’ मुळें संप्रेरकांवांचून झपाट्यानें वाढतात, आणि बहुधा मूळ झाडाचें औषधी द्रव्यही तयार करीत राहतात. सन १९९३ मध्यें ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं सर्पगंधेवर हाच प्रयोग केल्याचें प्रसिद्ध केलें. कोरियांत तर जिनसेंगचीं मुळें, या जिवाणूच्या मदतीवांचूनही, शेंकडों लिटरांच्या हवा खेळविलेल्या टाक्यांत वाढविलीं गेलीं. शेतांत जिनसेंगला तयार व्हावयास चार-सहा वर्षें लागतात. टाकींत कांहीं आठवडे पुरतात.

म्हणून रानांतील मुळावरची कुदळ थांबली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. टाकींतील मुळाला साखर विकत द्यावी लागते. रानांतलें मूळ ती उन्हापासून फुकट मिळवितें. मुळांचा गुंता वाढला कीं आंतपर्यंत हवा पोंचत नाहीं. आणि बुरशीचा एक कण शिरला तर सारी टाकी वाया जाते. त्यामुळें महागड्या द्रव्यांनाच हा मार्ग आजवर परवडला आहे. शिवाय दशमुळांच्या काढ्यांत एकच द्रव्य नसतें. तेथें टाकींतील मूळ रानांतील मुळाची बरोबरी करतें कीं नाहीं, हें प्रत्येक वनस्पतीपुरतें वेगळें तपासावें लागतें.

तरीही हाबरलांट यांच्या फसलेल्या प्रयोगापासून एवढें निश्चित झालें आहे कीं, मूळ हा झाडाचा नुसता पाय नव्हे. तो स्वतंत्रपणें जगूं शकणारा, रसायनें घडविणारा कसबी कारागीर आहे. त्याच्या कसबाचा लाभ घेण्यासाठीं दर वेळीं त्याचें घर मोडावेंच लागतें असें नाहीं. रान शिल्लक आहे तोंवरच या ज्ञानाचा उपयोग. कारण टाकींत घालावयाचें पहिलें टोंक अखेर जिवंत झाडापासूनच घ्यावें लागतें.