सांधा दोन गाण्यांचा

आमच्या चिखली-खामगावकडच्या वरातीत एक गाणं तुटतं, दुसरं सुरू होतं. मधला खड्डा नाचणाऱ्यांच्या पायांना कळतो. धंदेवाईक डीजे दोन्हींची लय आधीच जुळवतो. पण श्रोतेहो, ही कला हौशींचीच! ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, बहिणीच्या पार्टीत १८ वर्षांचा कूल हर्क रेकॉर्ड वाजवायला बसला. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो नुसत्या तालाचा तुकडा लांबवत नेई. सांधे ओबडधोबडच. पुढं ग्रँडमास्टर फ्लॅशनं रेकॉर्डवर मेणखडूनं खुणा करून ते नेमके बसवले. गझलेत दोन मिसऱ्यांचा सांधा माझाही कित्येकदा उघडा पडलाय. वरातीतल्या पोराला मात्र माणसं समोर दिसतात. नवरदेवाची मावशी दमली, की तो न सांगता संथ गाणं लावतो.