औंध संस्थानातील सत्तेचे विकेंद्रीकरण : 1939 ची घटना आणि तिच्या मर्यादा

शासनपद्धतींचे वर्गीकरण करताना सत्ता एकाच्या हाती आहे, काहींच्या हाती आहे की बहुतांच्या, हा निकष प्राचीन काळापासून वापरला जातो. मात्र सत्तेची वाटणी कोणत्या पातळीपर्यंत पोहोचली आणि ती परत काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे उरला, हे प्रश्न या वर्गीकरणात सहसा दुर्लक्षित राहतात. या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने दक्षिण महाराष्ट्रातील औंध या लहानशा संस्थानाचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. राजेशाहीच्या चौकटीत राहून ग्रामपंचायतीच्या पायावर राज्यकारभार उभारण्याचा तो प्रयत्न होता.

पंतप्रतिनिधी घराण्याचे हे संस्थान 72 गावांचे होते. त्याची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास होती. प्रदेशही सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे भाग परस्परांपासून दूर विखुरलेले होते. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव श्रीनिवासराव हे चित्रकला, कीर्तन आणि सूर्यनमस्कार यांचे व्यासंगी म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. पंडित सातवळेकरांचे वेदाध्ययन आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना या दोहोंना त्यांनी आश्रय दिला. प्रजेच्या प्रतिनिधींची सभा संस्थानात पूर्वीपासून होती. परंतु तिचे स्थान प्रामुख्याने सल्लागाराचे होते.

1938 साल संस्थानी प्रजेच्या चळवळींचे होते. फेब्रुवारी 1938 च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानांतही जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली. राजकोटात संघर्ष पेटला होता. दुसरीकडे 1935 च्या कायद्याने योजिलेल्या संघराज्यात संस्थानांसाठी कनिष्ठ सभागृहात 125 आणि वरिष्ठ सभागृहात 104 जागा राखून ठेवल्या होत्या. त्या जागांवर जनतेने निवडलेले नव्हे, तर संस्थानिकांनी नेमलेले सदस्य बसणार होते. म्हणजेच संस्थानी प्रजेला त्या संघराज्यात स्वतःचा आवाज नव्हता. अशा वेळी औंधच्या राजांनी नोव्हेंबर 1938 मध्ये आपल्या वाढदिवशी सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला. त्यामागे राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि त्यांचे स्नेही, बंगळूरच्या विद्युत कारखान्यातील पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती. पुढे अप्पासाहेब आणि फ्रीडमन यांनी वर्ध्याजवळ जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला. तयार झालेली घटना जानेवारी 1939 मध्ये अमलात आली.

या घटनेचे वैशिष्ट्य तिच्या रचनेत आहे. त्या काळातील बहुतेक सुधारणा वरून खाली येत. केंद्रात अथवा प्रांतात एक विधिमंडळ स्थापन करावयाचे आणि त्यास थोडे अधिकार द्यावयाचे, हा ब्रिटिश हिंदुस्थानातील रिवाज होता. औंधने त्याच्या उलट क्रम धरला. गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तालुका समित्यांतून विधिमंडळाकडे प्रतिनिधी जावेत, अशी ती उतरंड होती. महसुलातील भरीव वाटा गावाकडे परत यावा आणि शाळा, पाणी, रस्ते यांची कामे पंचायतींनी करावीत, अशी योजना होती. बहुतेक तंटेही गावातच मिटावेत, असा हेतू होता. ब्रिटिश न्यायालयांतील खर्च आणि हेलपाटे अनुभवलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या शेवटच्या तरतुदीचे मोल विधिमंडळापेक्षाही अधिक असावे. कैद्यांना कुटुंबासह मोकळ्यावर राहू देणारी आटपाडीजवळील स्वतंत्रपूर वसाहत याच काळातील. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे ती कल्पना देशभर पोहोचली. त्या चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच परिसरातील होते.

तथापि या प्रयोगाचे मूल्यमापन केवळ गौरवाने करणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरेल. मताधिकारास साक्षरतेची अट जोडण्यात आली होती. तिला गांधीजींचीही संमती होती. अल्पावधीत सर्व प्रजा साक्षर होईल अशी त्यांची अपेक्षा होती. हेतू उदात्त होता, पण त्या काळी निरक्षरता सर्व समाजांत सारखी विभागलेली नव्हती. स्त्रिया, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती आणि भूमिहीन मजूर यांच्यावर या अटीचा भार सर्वाधिक पडणार, हे उघड होते. अप्रत्यक्ष निवडणुकीतही असाच धोका होता. गावातील वजनदार घरे पंचायतीत आली की तालुका आणि विधिमंडळ या दोन्ही पायऱ्या त्यांच्याच हाती जाण्याची शक्यता होती. त्यातून पाटील, कुलकर्णी आणि सावकार यांचे जुने वर्चस्व नव्या नावाने टिकू शकत होते.

दुसरी मर्यादा सत्तेच्या उगमाची आहे. ही घटना प्रजेने मिळविलेली नव्हती, राजाने दिलेली होती. याच संस्थानातील कुंडल हे गाव 1943 ते 1946 या काळात सातारच्या प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र बनले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या चळवळीने गावोगावी न्यायदान मंडळे चालविली. एकाच मुलखात काही वर्षांच्या अंतराने गावाच्या न्यायनिवाड्याचे दोन प्रकार दिसतात. एक राजाच्या घोषणेतून आलेला, दुसरा परकीय सत्तेस झुगारून लोकांनी उभा केलेला. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत असे. त्यामुळे हे दोन्ही प्रवाह परस्परविरोधी होते असे म्हणता येत नाही. त्यांचा अधिकाराचा आधार मात्र भिन्न होता.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग संपला. राष्ट्राच्या एकीकरणासाठी विलीनीकरण आवश्यक होते यात शंका नाही. परंतु पंचायतींचे अधिकारही त्याबरोबर लोपले. त्यांना राजाच्या घटनेपलीकडे कोणतेही संरक्षण नव्हते. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत खेडे हा राज्यव्यवस्थेचा पाया मानण्यास कठोर शब्दांत विरोध केला. औंधच्या मताधिकाराची अट लक्षात घेतली तर त्या विरोधामागील वास्तव समजते. सदस्यांच्या आग्रहामुळे ग्रामपंचायतींचा उल्लेख कलम 40 मध्ये झाला खरा, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून.

पुढे 1957 च्या बलवंतराय मेहता समितीने अप्रत्यक्ष निवडणुकीवर आधारलेली त्रिस्तरीय रचना सुचविली. तिचे औंधच्या उतरंडीशी असलेले साम्य लक्षणीय आहे. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीनंतर वेगळा मार्ग घेतला. 1 मे 1962 पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदांत सदस्यांची थेट निवडणूक ठेवून सत्तेचा भर गावापेक्षा जिल्ह्यावर दिला. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान, नियमित निवडणूक आणि स्त्रिया व मागास घटकांसाठी आरक्षण दिले. औंधच्या घटनेत यापैकी शेवटची बाब नव्हती. उलट महसुलातील हक्काचा वाटा ही औंधने दिलेली बाब 73 व्या दुरुस्तीने बहुतांशी राज्यांच्या विधिमंडळांवर आणि वित्त आयोगांच्या शिफारशींवर सोपविली. निवडणुकीची घटनात्मक हमी असूनही 2022 मध्ये मुदत संपलेल्या महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला. त्यांत एकेकाळी औंधच्या राजाने पंचायती स्थापन केलेल्या सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचाही समावेश होता.