गळाच्या दोरीचा गोफ आणि त्याचा आवाज

मासे धरणे हा उद्योग आहे, तसाच तो फार प्राचीन काळापासून एक विनोदही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. मराठी पद्याचे अतिप्राचीन नमुने मिळतात म्हणून जो ग्रंथ आपण आदराने उघडतो, त्याच ग्रंथात राजाने गळ आणि आमिष यांचाही विचार केला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रस्तुतचा विषय वाचकांस तितकासा परका वाटू नये. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते अमेरिकेत 'बास' मासा धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विणलेल्या दोरीविषयी, आणि त्यातही तिच्या आवाजाविषयी.

प्रथम माशाची ओळख. गोमंतकातला चोणक, ज्यास कोकणात जिताडा म्हणतात, त्याला इंग्रज 'सी बास' म्हणतो. परंतु अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील 'ब्लॅक बास'शी त्याचे नावापलीकडे नाते नाही. हा मासा तळ्यांत व संथ नद्यांत, पाणवेलींच्या आणि पडलेल्या झाडांच्या आडोशाला दबा धरून बसतो. १९व्या शतकाच्या आरंभी केंटकीतील घड्याळजींनी त्याच्यासाठी दातेरी चाकांच्या फिरक्या घडविल्या. १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शल याने त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि १९६७ साली आर्कान्सॉमधील बीव्हर तलावावर रे स्कॉट याने भरविलेल्या स्पर्धेपासून या छंदाला आजचे रूप आले. याच स्कॉटने १९७२पासून धरलेला मासा जिवंत परत सोडण्याचा पुरस्कार केला. देवळाच्या तळीतील माशांना चुरमुरे टाकणे एवढाच ज्यांचा मत्स्यविनोद आहे, त्यांनाही ही गोष्ट ऐकून थोडे बरे वाटेल.

आता दोरीकडे वळू. १६५३ साली आयझॅक वॉल्टनने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा इंग्लंडात गळाची दोरी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून करीत. पीळ वेगळा आणि वीण वेगळी, हा भेद आपल्याकडे कोणासही समजावून सांगावा लागत नाही. जानव्याचे सूत पिळलेले असते. गळ्यातला सोन्याचा गोफ विणलेला असतो. पिळलेली दोरी उलगडू पाहते, तिला आढे पडतात. विणलेल्या दोरीत निम्मे पदर उजवीकडून व निम्मे डावीकडून जात असल्यामुळे एकाची ओढ दुसरा सावरतो. शिगम्यात आपल्या गोमंतकीय खेळगड्यांचा गोफ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हे यंत्र पाहिलेच आहे असे म्हणावयास हरकत नाही. वर टांगलेल्या दोऱ्यांची टोके हाती घेऊन गडी एकमेकांच्या आतून बाहेरून नाचत जातात आणि मध्ये गोफ उतरत येतो. कारखान्यातील विणयंत्रात गड्यांच्या जागी सुताच्या कांड्या नागमोडी खाचांतून फिरतात, इतकाच फरक. मात्र आपले गडी उलट नाचून गोफ सोडवतात, ते यंत्राला साधत नाही.

बासच्या फिरकीवर दीर्घकाळ अशी विणलेली रेशमी दोरी चाले. रेशमाचा तंतू अतिशय बारीक, म्हणून वीण मऊ आणि गुळगुळीत होई. परंतु रेशीम भिजून कुजते. रोज संध्याकाळी सगळी दोरी उलगडून वाळत घालावी लागे. १९३८ साली द्युपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि महायुद्धानंतरच्या वर्षांत एकतंतू दोरी, आपल्या किनाऱ्यावरचे तंगूस, हळूहळू सर्वत्र पसरली. एकच तंतू म्हटल्यावर वीण नाही, कंगोरा नाही, अर्थात आवाजही नाही. एक दोष मात्र राहिला. तंगूस ताणते, आणि दूरच्या माशाची हळुवार ओढ त्या ताणात विरून जाते.

हा दोष १९९०नंतरच्या दशकात दूर झाला. १९७९च्या सुमारास हॉलंडमधील डी. एस. एम. कंपनीच्या संशोधकांनी पॉलिथिलीनचा विलक्षण बळकट तंतू कातण्याची रीत शोधून काढली होती. तो पाण्यावर तरंगतो, कुजत नाही, आणि ताणत जवळजवळ नाहीच. पण त्याचा एक जाड तंतू उपयोगी पडत नाही. बारीक तंतूंचे पदर करून ते विणावेच लागतात. अशा रीतीने वीण परत आली, आणि तंगुसावर वाढलेल्या पिढीला तिच्याबरोबर एक अपरिचित खरखर ऐकू येऊ लागली.

या खरखरीचे कारण साधे आहे. काठीवरच्या कड्यांतून दोरी ओढली जाते तेव्हा विणीचा प्रत्येक उंचवटा कडीवर घासतो. समजा, एका इंचात २० उंचवटे आहेत आणि दोरी सेकंदाला एक मीटर वेगाने येत आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ८०० घासणी झाल्या, आणि ती कंपने माणसाच्या कानास स्पष्ट ऐकू येणारी आहेत. चार पदरांच्या दोरीत पदर जाड, म्हणून उंचवटे मोठे. त्याच बळाच्या आठ पदरी दोरीत पदर बारीक. दोरी गोल होते व आवाज पुष्कळ कमी होतो. सैल विणलेली दोरी मात्र आठ पदरी असली तरी दाबून चपटी होते आणि कुरकुरतेच.

बास हा आवाज ऐकतो काय? हवेतल्या आवाजाची शक्ती पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळी परत फिरते. हजारांत एखादा अंश आत उतरतो. तेव्हा काठीवरच्या खरखरीने मासा बुजतो, या म्हणण्यात आम्हांस विशेष तथ्य दिसत नाही. ही दोरी ताणत नसल्यामुळे तिचा थरकाप काही अंशी आमिषापर्यंत जात असेल; पण खरे नुकसान दुसऱ्या टोकाला होते. माशाने आमिष हलकेच तोंडात धरल्याची खूण ज्या बोटाला कळावयाची, तेच बोट खरखरीने बधिरते. ज्या गुणासाठी तंगूस सोडले, तोच गुण ओबडधोबड विणीत वाया जातो.

दोरीच्या रिळावर ती किती रतलांचा ओढा सोसते ते ठळक छापलेले असते. ती किती शांत आहे, ते कोठेही नसते. बारीक पदर घट्ट विणावयास यंत्राला अधिक वेळ लागतो, म्हणून अशी दोरी महाग. स्वस्त दोरीला मेणासारखा लेप देऊन ती दुकानात गुळगुळीत भासविता येते. लेप झिजला की आवाज सुरू. म्हणून घेणाऱ्याने लेपाकडे न पाहता विणीकडे पाहावे. दोरी नखावरून ओढावी, बोटांत फिरवून गोल आहे की चपटी ते पाहावे, आणि दोन बोटांत धरून उलट दाबावी. पदर लगेच उघडले तर ती सैल आहे. पाणवेली दाट असतील तेथे मात्र चार पदरीच घ्यावी. तिचे तेच उंचवटे करवतीसारखे वेली कापतात, आणि जाड पदर लाकडावर घासूनही लवकर तुटत नाहीत. तेथे आवाजाची पर्वा कोणी करू नये.

रेशमाप्रमाणे ही दोरी रोज वाळत घालावी लागत नाही. पुढचा भाग झिजून खरखरू लागला म्हणजे ती दुसऱ्या फिरकीवर उलटी गुंडाळतात. आतला, पाणी फारसे न पाहिलेला भाग वर येतो, आणि तीच दोरी पुन्हा कामास येते.