जुन्या संगणकीय जुळणीचें पुनर्लेखन व पाठशुद्धि

(१) सोलापुरांतील एका संग्राहक मित्रांकडे वडिलोपार्जित मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांतील निवडक पत्रांचें व हिशेबांचें बाळबोध वाचन गेल्या शतकाच्या अखेरीस येथील एका मुद्रणालयानें पेजमेकर या प्रणालीवर जुळवून छापलें. पुढें मूळ कागदांपैकीं कांहीं कसरीच्या भक्ष्यस्थानीं पडले. आतां दुसऱ्या आवृत्तीकरितां तीच जुळणी इनडिझाइन या प्रणालींत उतरविण्यांत आली व मुद्रितें तपासण्याचें काम आम्हांकडे आलें. त्यांत जें दिसून आलें तें साधनग्रंथांच्या संपादकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें नमूद करितों.

(२) प्रथम या प्रणालींचा पूर्ववृत्तांत. पेजमेकर ही प्रणाली ऑल्डस कंपनीनें १९८५ सालीं काढली. १९९४ सालीं ती कंपनी अ‍ॅडोबी कंपनींत विलीन झाली. अ‍ॅडोबीनें १९९९ सालीं इनडिझाइन बाजारांत आणलें. पेजमेकरची सातवी व अखेरची आवृत्ति २००१ सालची. इनडिझाइनच्या २०१२ सालच्या सी.एस. सहा या आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या सहाव्या-सातव्या आवृत्तींतील फायली उघडतां येत असत. त्यापुढील आवृत्त्यांत ती सोय राहिली नाहीं. म्हणून जुनी फाईल आधीं सी.एस. सहामध्यें उघडून मग पुढें न्यावी लागते. अशानें स्तंभ, समास व चित्रांच्या जागा बहुतांशीं शाबूत येतात. खरी अडचण अक्षरांची आहे.

(३) त्या काळच्या मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत, आणि ही मांडणी प्रत्येक उत्पादकाची निराळी असे. श्रीलिपी, आकृती व सी-डॅक यांचे फॉन्ट एकमेकांशीं जुळत नसत. मूळ फॉन्ट काढून घेतला कीं पानावर अर्थहीन रोमन चिन्हें उरतात. शिवाय या फॉन्टांनीं खिळे जुळविणाऱ्याचाच क्रम उचलला होता: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं व रफार अक्षराच्या मागाहून, म्हणजे डोळ्यांस दिसतो तो क्रम. १९९१ सालीं ठरलेलें ‘इस्की’ हें भारतीय प्रमाण व त्याच वर्षीं प्रथम प्रसिद्ध झालेलें युनिकोड यांनीं उच्चारक्रम स्वीकारला: व्यंजन आधीं, स्वर मागाहून, आणि रफाराचा ‘र्’ पुढील व्यंजनाच्या आधीं. संस्कृत शिकलेल्यांस हा क्रम नवा नाहीं. वर्णविश्लेष करितांना विद्यार्थी हाच सांगतो. तात्पर्य, येथें केवळ चिन्हास चिन्ह देऊन भागत नाहीं. प्रत्येक अक्षराची पुनर्घटना करावी लागते.

(४) या पुनर्घटनेंत झालेले प्रमाद तीन प्रकारचे आढळले. पहिला क्रमविपर्यय: ‘धर्म’ याचें ‘धमर्’ होणें. हा तत्काळ दिसतो. दुसरा रूपभ्रंश: ‘तऱ्हा’ याचें ‘तर्हा’ होणें. हाही सराईत डोळ्यास सांपडतो. तिसरा लोप, आणि तोच घातक. अनुस्वार गळाल्यानें एके ठिकाणीं ‘खंडी’ची ‘खडी’ झाली. त्याहून गंभीर उदाहरण एका हिशेबाच्या यादींत मिळालें. पाव, अर्धा व पाऊण दाखविण्यास आपले पूर्वज उभ्या रेघा देत, व छापील प्रतींत त्या दंडांनीं दाखविल्या होत्या. रूपांतराच्या कोष्टकांत त्या चिन्हाची नोंदच नव्हती. परिणामीं ‘२॥ रुपये’ म्हणजे अडीच रुपये होते तेथें ‘२ रुपये’ उरले. वाक्य शुद्ध, आंकडा स्पष्ट आणि मजकूर खोटा! यादीची बेरीज जमेना म्हणून आम्हांस शंका आली व पहिल्या आवृत्तीवरून पाठ सुधारतां आला.

(५) सोलापूर जिल्ह्यांतील कुडल येथील संगमेश्वर मंदिरांतला शके ९४० चा मराठी शिलालेख आजही जागेवर आहे; वाचनाविषयीं शंका आल्यास शिळेकडे जातां येतें. आमच्या यादीचा मूळ कागद नष्ट झाला आहे. पहिली छापील प्रत आम्हांजवळ नसती तर तो अर्धा रुपया कायमचा गेला असता.

(६) पोथ्यांच्या परंपरेंत लेखकप्रमाद म्हणून जें ओळखलें जातें, त्याचाच हा यंत्रांतील प्रकार होय. मोडींतून बाळबोध करितांना ऱ्हस्वदीर्घ वाचकास स्वतः ठरवावें लागतें. मग जुळारी येतो, आणि आतां ही तिसरी नक्कल. तेव्हां संपादकांनीं रूपांतरित फायलीस नवी पोथी समजून छापील प्रतीशीं ताडून पाहावें, आंकडे व अपूर्णांक दोघांनीं मिळून वाचावे, आणि कोणत्या फॉन्टावरून रूपांतर केलें तें प्रस्तावनेंत लिहावें. संग्राहकांनीं जुनी फाईल, तिचा फॉन्ट व पहिली आवृत्ति हीं तिन्ही एकत्र जतन करावीं, अशी सविनय विनंती आहे.